मधुमेह आणि मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानाची संहिता)



मधुमेह हा शब्द उच्चारताच सर्वसामान्य माणसाच्या मनात डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय ही चार नावे येतात. दृष्टी जाईल, मूत्रपिंड निकामी होईल, हृदयविकार होईल, पायाची जखम चिघळेल, ही भीती आता घराघरांत पोहोचली आहे आणि तिचा उपयोगही झाला आहे. मात्र या यादीत मेंदूचे नाव क्वचितच घेतले जाते. वास्तविक ज्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे डोळा आणि मूत्रपिंड दुखावते, तशाच सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे मेंदूत पसरलेले आहे. तेथे होणारी हानी दुखत नाही, सुजत नाही, रक्त वाहत नाही. म्हणून ती अनेक वर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हाही तिला ‘वय झाले’ असे म्हणून सोडून दिले जाते.

अनेक कुटुंबांत दिसणारे एक चित्र येथे डोळ्यांसमोर आणणे उपयुक्त ठरेल. घरातील कर्ते गृहस्थ सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह होऊन अठरा-वीस वर्षे झाली आहेत. आयुष्यभर दुकान सांभाळले, रोजमेळ आणि खतावणी बोटांवर होती, लांबलचक बेरीज तोंडी करण्याची सवय होती. अलीकडे मात्र हिशेबाला वेळ लागतो. एक काम हातात असताना दुसरे कोणी विचारले तर पहिले सुटते. चाल मंदावली आहे, पावले आखूड पडतात. पूर्वी पाहुण्यांत रमणारा हा माणूस आता कोपऱ्यात गप्प बसून राहतो. मुलगा म्हणतो, “बाबा, तुमचे लक्षच नसते.” सून म्हणते, “त्यांनी आता मनावरच घेणे सोडले आहे.” नावे, नातीगोती, जुने प्रसंग सर्व आठवत असल्यामुळे हा आजार असेल अशी शंका कोणालाही येत नाही. या गृहस्थांच्या मेंदूत नेमके काय घडत असावे, हे समजून घेणे हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मेंदूची गरज

मेंदूचे वजन सुमारे १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते. परंतु शरीर विश्रांत असताना वापरल्या जाणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. दर मिनिटाला सुमारे ७०० ते ७५० मिलिलिटर रक्त त्याच्याकडे जाते. स्नायू आणि यकृत यांच्याजवळ साखरेचा साठा असतो. मेंदूजवळ असा साठा नगण्य असतो. त्यामुळे त्याला क्षणोक्षणी रक्तावर अवलंबून राहावे लागते. रक्तप्रवाह पूर्ण थांबला तर अवघ्या काही सेकंदांत शुद्ध हरपते.

हा पुरवठा शेवटच्या पेशीपर्यंत पोहोचविण्याचे काम केशवाहिन्या करतात. एका मानवी मेंदूतील केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एकेका केशवाहिनीचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतो. तांबड्या रक्तपेशीला तिच्यातून जाताना अंग चोरून, आकार बदलून पुढे सरकावे लागते.

ही रचना कालव्याच्या उदाहरणाने सहज ध्यानात येते. धरणातून मुख्य कालवा निघतो, त्यातून वितरिका, वितरिकेतून चारी आणि चारीतून शेतातील पाट. कालव्याला पाणी कमी आले की सर्वांत आधी कोरडे पडते ते चारीच्या शेवटच्या टोकाचे शेत. मेंदूतही मोठ्या धमन्यांपासून बारीक धमनिका निघून खोलवर शिरतात. यांतील पुष्कळशा धमनिकांना शेजारच्या धमनिकेचा फारसा आधार नसतो. एक बंद पडली तर तिच्या वाट्याचा भाग उपाशी राहतो. मेंदूच्या अंतर्भागातील ‘श्वेतद्रव्य’ हा असा टोकाच्या शेतासारखा प्रदेश आहे. विचार करणाऱ्या केंद्रांना परस्परांशी जोडणारे तंतू याच भागातून जातात.

मेंदूचा पहारा

१८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये टोचली तेव्हा शरीरातील जवळजवळ सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र रंगला नाही. पुढे १९१३ साली त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी तसेच रंगद्रव्य मेंदूभोवतीच्या द्रवात सोडले. या वेळी मेंदू रंगला, पण उर्वरित शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पहारा आहे, ही जाणीव या प्रयोगांतून दृढ झाली.

हा पहारा केशवाहिनीच्या भिंतीतच असतो. तिच्या आतील अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्याप्रमाणे चिकटलेल्या असतात. त्यांच्या बाहेर एक तलम पडदा असतो. पडद्यात पेरिसाइट नावाच्या पेशी केशवाहिनीला वेढून बसलेल्या असतात आणि सर्वांत बाहेर अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशींची टोके टेकलेली असतात. मेंदूला हवे ते आत घ्यायचे, नको ते बाहेर ठेवायचे आणि टाकाऊ द्रव्ये परत धाडायची, हे काम या चौघांच्या सहकार्याने चालते.

आणखी एक व्यवस्था येथे आहे. मेंदूचा जो भाग काम करू लागतो, त्या भागाकडील रक्तपुरवठा काही सेकंदांत वाढतो. चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९० मध्येच मेंदूच्या कार्याचा आणि त्याच्या रक्तपुरवठ्याचा असा संबंध मांडला होता. बेरीज करताना, रस्ता ओलांडताना, दोन माणसांचे बोलणे एकाच वेळी ऐकताना त्या त्या भागातील सूक्ष्म वाहिन्या वेळेवर रुंदावल्या पाहिजेत. मधुमेहात हा वेळेवर प्रतिसाद देण्याचा गुणच मंदावतो, असे दिसून आले आहे.

साखर नेमके काय करते

स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनची वाट पाहतात. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींचे तसे नाही. रक्तात साखर वाढली की ती त्यांच्या आतही वाढते; दार लावून घेण्याची सोय त्यांना नसते. अमेरिकेतील संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये या प्रक्रियेची एकसंध मांडणी केली. पेशीत साखरेचा पूर आला की तिच्या ऊर्जाकेंद्रात प्राणवायूची घातक, अतिक्रियाशील रूपे जास्त निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे पेशीचे नुकसान करणाऱ्या अनेक रासायनिक वाटा एकाच वेळी उघडतात, असे त्यांनी दाखविले.

त्यांपैकी एक वाट स्वयंपाकघरातील उदाहरणाने समजते. तव्यावर भाकरीला तांबूस रंग येतो तो पिठातील शर्करा आणि प्रथिने यांच्या संयोगामुळे. लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. तव्यावर जे काही मिनिटांत घडते, त्याच जातीची क्रिया शरीराच्या उष्णतेत महिनोन्महिने अत्यंत संथपणे चालू असते. साखर प्रथिनांना चिकटते आणि ती प्रथिने ताठ, चिवट होतात. रक्तवाहिनीच्या भिंतीची लवचिकता त्यामुळे कमी होते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ ही परिचित तपासणी रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच मोजते. तो आकडा वाढलेला असेल तर शरीरातील इतर प्रथिनांवरही साखरेची पुटे चढत असणार, असे समजावे.

या सर्वांचा परिणाम म्हणून केशवाहिनीचा तलम पडदा जाड होतो, पेरिसाइट पेशी कमी होतात, अस्तराच्या शिवणी सैल होतात आणि रक्तातील नको ती द्रव्ये मेंदूच्या उतीत झिरपू लागतात. धमनिकांच्या भिंती जाड होऊन त्यांची पोकळी अरुंद होते. मधुमेहाच्या जोडीला उच्च रक्तदाब असेल, आणि तो बहुधा असतोच, तर अशा ताठलेल्या नाजूक वाहिन्यांवर प्रत्येक ठोक्याला जादा दाब आदळतो. साखर भिंत कमकुवत करते आणि दाब त्याच भिंतीवर घाव घालतो. म्हणून या दोहोंचा एकत्रित विचार करावा लागतो.

हानीच्या खुणा

फ्रेंच वैद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शवविच्छेदनात मेंदूच्या अंतर्भागातील बारीक पोकळ्या पाहिल्या होत्या व त्यांना ‘लॅक्यून’ म्हणजे लहान डबके किंवा खळगा असे नाव दिले होते. १९६० च्या दशकात सी. मिलर फिशर यांनी या खळग्यांचा आणि बंद पडलेल्या बारीक धमनिकांचा संबंध बारकाईने उलगडला. एक खळगा साधारण ३ ते १५ मिलिमीटरचा असतो. रक्तपुरवठा तुटल्यामुळे होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एकचतुर्थांश पक्षाघात या प्रकारचे असतात. तथापि पुष्कळसे खळगे कोणतेही लक्षण न दाखविता निर्माण होतात आणि एमआरआय तपासणीत अकस्मात आढळतात. याच तपासणीत श्वेतद्रव्यातील पांढुरके डाग आणि सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके हेही दिसतात. एकदा तयार झालेला खळगा भरून येत नाही. म्हणून त्याच्या आधीच्या वर्षांत काय केले जाते, याला सर्वाधिक महत्त्व आहे.

श्वेतद्रव्य दुखावले की मेंदूतील केंद्रे शाबूत असूनही त्यांच्यातील दळणवळण मंदावते. त्यामुळे या विकारात स्मरणशक्ती जाण्याच्या आधी वेग जातो. उत्तर येते, पण उशिरा येते. कामाची आखणी करणे, दोन कामे एकाच वेळी सांभाळणे, एका विषयावरून दुसऱ्यावर लक्ष वळविणे कठीण होते. चाल आखूड व अस्थिर होते, लघवीची घाई होते, मन उदास किंवा निरुत्साही होते. आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांची सर्व लक्षणे या वर्णनाशी जुळतात. त्यांचे ‘लक्ष नसणे’ हा स्वभावदोष नसून मेंदूतील मार्ग खराब झाल्याचे चिन्ह असू शकते.

हॉलंडमधील रॉटरडॅम शहराच्या एका उपनगरातील वृद्धांची वर्षानुवर्षे पाहणी करणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. याचा अर्थ प्रत्येक मधुमेही व्यक्तीला स्मृतिभ्रंश होतो असा मुळीच नाही. बहुसंख्यांना तो होत नाही. परंतु ज्या कारणांवर माणसाचा ताबा चालू शकतो अशा स्मृतिभ्रंशाच्या कारणांत मधुमेह आणि उच्च रक्तदाब या दोहोंचा समावेश आज जगभर केला जातो.

भारतीय शरीराची विशेषता

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या सीमेवर आहेत.

‘आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, मग मधुमेह कसा?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याचे उत्तर एका बोलक्या छायाचित्रातून दिले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडमधील संशोधक जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते. म्हणूनच मधुमेह येथे तुलनेने कमी वयात आणि कमी वजनातही येतो. चाळिशीत आलेल्या मधुमेहाला सत्तरीपर्यंत सूक्ष्म वाहिन्यांवर काम करण्यास तीस वर्षे मिळतात, ही यातील चिंतेची बाजू आहे.

उपचाराने काय साधते

इंग्लंडमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये जाहीर झाले. नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांची साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार, त्यातही विशेषतः डोळ्यांचे, २५ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासातील उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांचा रक्तदाब अधिक चांगल्या प्रकारे आटोक्यात ठेवल्यावर सूक्ष्म वाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. मेंदूच्या दृष्टीने रक्तदाबाचे माप साखरेच्या मापाइतकेच मोलाचे आहे, हा यातील बोध. मधुमेही व्यक्तीने साधारणतः १३०/८० च्या खाली रक्तदाब ठेवावा असे सांगितले जाते. अतिवृद्ध किंवा उभे राहताच चक्कर येणाऱ्या व्यक्तीसाठी डॉक्टर वेगळे माप ठरवितात.

मग साखर जितकी खाली तितके चांगले, असे म्हणावे काय? याचे उत्तर नकारार्थी आहे. अमेरिका व कॅनडात झालेल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ या अभ्यासात दीर्घकाळ मधुमेह असलेल्या रुग्णांची साखर निरोगी माणसाइतकी खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू अधिक झाल्याचे दिसताच २००८ मध्ये तो उपचार थांबवावा लागला. त्याच अभ्यासाच्या मेंदूविषयक भागाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. चाळीस महिन्यांनंतर बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मुरलेल्या आजारात उशिरा केलेली घाई मेंदूला वाचवीत नाही. आरंभीच्या वर्षांतील सातत्याला पर्याय नाही.

साखर उतरण्याचा धोका

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजावी; ५४ च्या खाली गेल्यास धोका गंभीर होतो. घाम, थरथर, धडधड, भूक, गोंधळलेले बोलणे आणि शेवटी बेशुद्धी असा तिचा क्रम असतो. वृद्धांत आधीच्या सूचना न मिळता एकदम गोंधळ सुरू होऊ शकतो. कॅलिफोर्नियातील १६,६६७ वयस्कर मधुमेही रुग्णांच्या पाहणीत २००९ साली असे दिसले की, साखर उतरून रुग्णालयात जाण्याची वेळ ज्यांच्यावर आली होती त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक होते, आणि अशा प्रसंगांची संख्या वाढली तसे ते वाढत गेले. विसराळूपणामुळे औषध दोनदा घेतले जाते आणि साखर उतरते, अशी उलटी बाजूही यात असू शकते. दोन्ही स्थितींत सावधगिरीची गरज सारखीच. म्हणून प्रकृती नाजूक असलेल्या वृद्धांसाठी ‘एचबीए१सी’ ८ टक्क्यांच्या आसपास असले तरी चालते, असे तज्ज्ञ मानतात.

जैन कुटुंबांत या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. पर्युषणातील उपवास, अठ्ठाई, आयंबिल आणि रोजचा चौविहार ही श्रद्धेची आणि संयमाची साधना आहे. परंतु इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या मात्रेत घेऊन उपवास केला तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे चालू असताना अन्नपाणी सोडल्यास शरीरातील पाणी घटते आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. उपवासासाठी म्हणून आपल्या मनाने सर्व औषधे बंद करणेही तितकेच घातक आहे. ज्यांना तप करावयाचे आहे त्यांनी किमान एक महिना आधी डॉक्टरांना त्याची पूर्ण कल्पना द्यावी, कोणते औषध किती कमी करावयाचे हे लिहून घ्यावे आणि उपवासात बोटाच्या रक्ताची तपासणी करीत राहावे. ज्यांना इन्सुलिन चालू आहे, ज्यांची साखर पूर्वी वारंवार उतरली आहे, ज्यांचे मूत्रपिंड दुखावले आहे, त्यांना दीर्घ उपवास वैद्यकीयदृष्ट्या वर्ज्य समजावा. साखर उतरल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काही घालू नये, रुग्णालयात न्यावे. पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात हे सर्वश्रुत आहे. आजाराच्या संदर्भात त्यांचा अर्थ साधु-साध्वीजींकडून आधीच समजून घेतला म्हणजे ऐन वेळी घरात द्विधा निर्माण होत नाही.

एक सहज सुटणारे कारण

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील अत्यंत उपयुक्त औषध. दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते. हे जीवनसत्त्व प्रामुख्याने प्राणिज पदार्थांतून मिळते; शाकाहारी व्यक्तीला दूध, दही, ताक यांचाच काय तो आधार. शाकाहार आणि मेटफॉर्मिन एकत्र आल्यावर कमतरतेची शक्यता वाढते. विसराळूपणा, थकवा, औदासीन्य, पायांना मुंग्या, तोल जाणे ही लक्षणे मग दिसू लागतात आणि ती मधुमेहाच्या किंवा वयाच्या नावावर जमा होतात. साध्या रक्ततपासणीने ही कमतरता कळते आणि गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघते. ही जीवनसत्त्वे शाकाहारी पद्धतीने, जंतूंच्या आंबवणातून तयार केली जातात. त्यामुळे आहारनियमालाही बाधा येत नाही. केवळ गोळीवरील जिलेटिनच्या आवरणाची चौकशी औषध घेताना करावी. विसराळूपणाच्या तपासात थायरॉइड, नैराश्य आणि कमी ऐकू येणे हीही उपचारयोग्य कारणे पाहिली जातात.

मेंदूकडे पाहण्याच्या खिडक्या

मेंदूची केशवाहिनी बाहेरून पाहता येत नाही. डोळ्याचा दृष्टिपटल मात्र गर्भावस्थेत मेंदूच्याच उतीपासून तयार होतो आणि तेथील वाहिन्या नेत्रतज्ज्ञाला उपकरणातून प्रत्यक्ष दिसतात. दृष्टिपटलावर मधुमेहाची हानी दिसली तर मेंदूतील वाहिन्यांबाबतही सावध व्हावे. दुसरी खिडकी मूत्रपिंडाची. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाऊ लागणे, हे सूक्ष्म वाहिन्या गळू लागल्याचे चिन्ह आहे. म्हणून वर्षातून एकदा बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी प्रत्येक मधुमेही व्यक्तीने केलीच पाहिजे. दिसते व्यवस्थित, तक्रार काही नाही, हे कारण यासाठी चालत नाही. ठरावीक काळाने ‘एचबीए१सी’, दर भेटीला रक्तदाब आणि वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल, बी-१२ यांची नोंद एका वहीत ठेवावी. प्रत्येकाला एमआरआय करण्याची आवश्यकता नसते. वागण्यात, चालण्यात किंवा विचारांच्या वेगात बदल दिसल्यास त्याचा निर्णय मेंदुविकारतज्ज्ञ घेतात. घड्याळाचे चित्र काढून सांगितलेली वेळ दाखविणे यासारख्या साध्या चाचण्यांतूनही आखणीची शक्ती कितपत शाबूत आहे, याचा अंदाज येतो.

आहारात साखरेइतकाच विचार मिठाचा करावा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे. पापड, लोणचे, फरसाण, तिखट-खारट खाखरे यांतून ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. आठवड्यात किमान १५० मिनिटे जोमाने चालणे, तंबाखू कोणत्याही रूपात वर्ज्य करणे, रात्री मोठ्याने घोरणे व श्वास अडकणे असेल तर त्याची तपासणी करून घेणे, या गोष्टींचा लाभ सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत पोहोचतो. तोंड वाकडे होणे, हात-पाय एकाएकी लुळा पडणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही घडले तर सकाळची वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

कुटुंबाचे कर्तव्य

आता पुन्हा आरंभीच्या घराकडे वळू. त्या गृहस्थांना मुलगा तपासणीस घेऊन गेला असता कदाचित असे निष्पन्न होईल की रक्तदाब कित्येक महिने मोजलेलाच नाही, दृष्टिपटलावर हानीचे ठिपके आहेत, बी-१२ तळाला गेले आहे आणि औषधाची मात्रा जुन्याच कागदावरून चालू आहे. झालेली सर्व हानी परत फिरणार नाही. मात्र दाब आटोक्यात येईल, बी-१२ भरून निघेल, साखर उतरण्याचे प्रसंग टळतील आणि पुढील घसरण मंदावण्याची संधी मिळेल. त्याचबरोबर घरातील बोलणे बदलेल. औषधे वाराप्रमाणे कप्पे असलेल्या डबीत भरून ठेवली जातील. हिशेबाला बसताना घाई केली जाणार नाही. एका वेळी एकच गोष्ट विचारली जाईल आणि उत्तरासाठी थांबले जाईल. मंद झालेल्या माणसाला आपली मंदगती कळत असते. त्यावर रोज बोट ठेवले गेले की तो बोलणेच सोडतो, आणि न बोलणारा मेंदू अधिकच मागे पडतो.

ज्या पिढीने अशा संस्था उभ्या केल्या, वर्गणी गोळा केली, जमाखर्च पै-पैशाने लिहून ठेवला, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्यापैकी ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या दृष्टिपटलाची, लघवीतील अल्ब्युमिनची, रक्तदाबाची आणि बी-१२ ची शेवटची तपासणी कधी झाली, एवढा एकच प्रश्न आज प्रत्येक कुटुंबाने घरी गेल्यावर विचारावा. उत्तर आठवत नसेल, तर याच आठवड्यात तपासणीचा दिवस ठरवावा.

जय जिनेंद्र.